रिकामी डबी

"ताई, गुडाखू घासता का?" डॉक्टर कौमुदींनी विचारलं, आणि माझं तोंड उघडंच अडकलेलं! दाढेभोवती ताणलेलं रबर, तिच्या मुळात फिरणारी बारीक सुई, शेजारी स्टुलावर नवरा. नाही कशी म्हणणार? मी डोळेच मिटले.

"गुडाखू?" श्यामराव उठलेच. "मले तर ही काळं मंजन आहे म्हणे!"

"हिरड्या सांगून राहिल्या ना. बंद करा, नाहीतर बाकीचे दातही जातील."

झालं! समता कॉलनीतल्या दवाखान्याच्या त्या खुर्चीत माझं बिंग फुटलं.

जुनं राज्य फुटून नवं झालं, ह्यांची भोपाळहून नव्या राजधानीत बदली झाली आणि आम्ही तिथल्या ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात आलो. दाढ ठणकली तेव्हा शेजारच्या कांताबाईनं ही गुडाखूची, म्हणजे तंबाखू-गुळाच्या मंजनाची, डबी हातात ठेवली. दाढेचं सोडा, मला गोडी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. गुडाखूनं तोंड भरलं की बाईला बोलता येत नाही, म्हणून पाऱ्यात तिला कोणी हाकही मारत नाही. मी मागच्या अंगणात पेरूखाली बसले, की खाटेवरच्या सासूबाईंचं "विनोदिनी, पाणी आण वो! विनोदिनी, पाठ दाब!" तेवढा वेळ बंद. अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते माझं.

घरी येताच ह्यांनी डबी नालीत उपडी केली. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि दाढ अशी ठणकू लागली की वरचा दात टेकला तरी जीव जाई.

"नस तर काढली ना? मंग काहून दुखून राहिलं? तलफ आली तुले!"

"अहो, डॉक्टरीणबाई बोलल्या ना, मुळाशी सूज आहे, दोन-तीन दिवस दुखते म्हणून!"

"बहाणे!"

सकाळी हे मागच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. मी ब्रश केला, चूळ भरली, की आतून हाका सुरू. मेली ती दाढ! दुखणं सोसलं असतं हो, पण पेरूखालची जागा गेली ते सोसवेना.

ठणका थांबला, त्या सकाळी मी डबी धुतली, पेरूखाली जाऊन बसले आणि हिरडीवर बोट फिरवू लागले.

श्यामराव तरातरा आले. "पुन्हा?"

मी डबी त्यांच्यापुढे धरली. आत काहीच नव्हतं.

"मंग काय करून राहिली?"

"बसून राहिली," मी म्हटलं. "कोणी हाक मारू नये म्हणून." आणि बोट पुन्हा तोंडात घातलं.

तेवढ्यात आतून आलंच, "विनोदिनी, पाणी!"

हे जागीच घुटमळले. डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, तिच्या तोंडात मंजन आहे," ते दाराकडे वळून म्हणाले. "थांब, मी आणतो."

माझे डोळे भरून आले. बोट मात्र मी काढलं नाही.