फरशीखालचे भाडेकरू

“नक्को!” लक्ष्मणराव पलंगावरून ओरडले.

“ऐकलं,” खिडकीबाहेरून सुशीलाबाई म्हणाल्या. “गोळीला नक्को, उप्पीटाला नक्को. सगळ्यालाच नक्को म्हटल्यावर मी संसार करायचा तरी कसा?”

अर्धांगाच्या झटक्याने लक्ष्मणरावांची वाचा नेली होती. नारायणगुड्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाकडे आता ‘हौ’ आणि ‘नक्को’ एवढे दोनच शब्द उरले होते. त्यातला ‘हौ’ बहुतेक न वापरताच पडून असे.

बरकतपुऱ्यातलं त्यांचं घर उतारावर बांधलेलं. मागच्या बाजूला फरशीखाली सरपटत जाता येईल एवढी पोकळी होती आणि तिथे एका मुंगसाने बिऱ्हाड थाटलं होतं. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून सुशीलाबाईंनी बरेच दिवस कानाडोळा केला. पण खोलीत वास यायला लागला, आजारी माणसाच्या अंथरुणात पिसवा झाल्या, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. पहाटे दारात रांगोळी काढून झाल्यावर, मुंगूस बाहेर गेलं की पावलं उमटावीत म्हणून उरलेली पूड त्यांनी पोकळीच्या तोंडाशी पसरली. दिवस वर आल्यावर अप्पाराव गवंड्याने वाकून पाहिलं, तर पुडीवर बाहेर जाणारी पावलं होती.

“जाते सो पावां हैं, अम्मा. अंदर कुच नै.”

आतून ‘नक्को’चा धोशा चालू असतानाच पोकळीच्या तोंडाला जाळी बसली, सिमेंट लागलं. सुशीलाबाई स्वयंपाकाला लागल्या.

दुपारी लक्ष्मणराव जेवेनात. चांगला हात खाली सोडून ते फरशीवर थापा मारत होते. “नक्को. नक्को.” डोळ्यांतून घळाघळा पाणी. सुशीलाबाई आधी चिडल्या, मग घाबरल्या. डॉक्टरांना फोन लावायला उठल्या, तर मागून खरवडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर मुंगशीण जाळीशी झटत होती. गुडघे टेकून त्यांनी फरशीला कान लावला. खालून बारीक चिरचिर येत होती. पिल्लं अजून बाहेरच पडत नव्हती, तर त्यांची पावलं रांगोळीवर उमटणार कुठून?

“सकाळपासून हेच सांगत होतात होय हो?”

“हौ.”

सुशीलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण स्वयंपाकघरात असताना या माणसाला सोबत कुणाची, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

सिमेंट ओलं होतं. उलथन्याने खरवडून त्यांनी जाळी ओढून काढली आणि आत येऊन पलंग खिडकीशी ढकलला. मुंगशीण बराच वेळ लपून राहिली. मग आत शिरली, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून कुंपणापलीकडच्या झाडीत नेऊ लागली. लक्ष्मणराव पापणी न लवता पाहत होते.

रात्री पुन्हा पसरलेली रांगोळीची पूड दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी होती. अप्पाराव जाळी घेऊन उभा राहिला, तेव्हा सुशीलाबाई पलंगाशी येऊन बसल्या.

“अहो, तुमचे भाडेकरू गेले. लावू देऊ का जाळी?”

लक्ष्मणरावांनी हात फरशीवर टेकवला. खालून काही जाणवतं का, याची बराच वेळ वाट पाहिली.

“हौ,” ते म्हणाले. हात मात्र तिथेच राहिला.

सुशीलाबाईंनी खिडकीतून अप्पारावला खूण केली. वरणाखालचा गॅस बंद करून आल्या आणि त्या हाताशेजारी फरशीवर बसून राहिल्या.