पत्र्यावरचे तीन दगड

“निता, पत्र्यावरचे दगडं उतरवून टाकू. आजच. शास्त्रात बराबर लिवलंय, दगडावर दगड राहनार न्हाई.”

माझे सासरे, अमरसिंगमामा, शिडी घेऊन दारात उभे होते. मी बी.ए. झालेली. कडेवरची पाच महिन्यांची लेक सावरत हसले.

“मामा, ते यरुशलेमच्या मंदिराबद्दल होतं. आता त्याचा अर्थ प्रतीक म्हणून घ्यायचा.”

“प्रतीक डोक्यात पडलं तर खोक पडत न्हाई का?”

साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात ख्रिस्ती घरं चारच. मामांनी चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. ज्या जागेचा नट त्याच जागी बसतो, तसं बायबलमधलं वाक्यही जिथं लिहिलंय तिथंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात गेली काही वर्षं जमिनीतून गडगड आवाज येतो, फळीवरची भांडी वाजतात. असं झालं की मामा भूकंपाची भविष्यवाणी काढून मोठ्यानं वाचत. त्यात अंगावर पाजणाऱ्या आयांचे हाल होतील असंही आहे. माझ्यासमोर तेवढं वाक्य ते गाळत. चष्मा पुसायला काढत.

रविवारी प्रार्थनेनंतर पाळक संतराम यांनी समजूत घातली. “अमरसिंगभाऊ, दगड म्हंजे मानसाचा गर्व.”

“मंग पाळकसाहेब, वाऱ्यानं उडू नये म्हनून मी पत्र्यावर गर्व ठिवला व्हता का?”

सगळे हसले. मीही.

मामांनी अकरा दगड उतरवून निंबाखाली रचले आणि पत्रे जुन्या तारेनं वाशांना बांधले. मग शिडी घेऊन सखुबाईकडे गेले. तांड्याच्या टोकाला ती म्हातारी एकटीच राहते. तिनं काठी उगारली. “आधी सोताच्या डोक्यातले उतरव, मेल्या!”

तार ढिली पडायची आणि स्वयंपाकघरावरचा पत्रा वाऱ्यानं फडफडायचा. लेकरू दचकून उठायचं. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. एका दुपारी मामा पुसेगावला मोटार बघायला गेले, तेव्हा मी ड्रमवर चढून तीन दगड परत ठेवले. पत्रा गप्प झाला. लेक झोपली, मीही झोपले. मामांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

दगड उतरवल्याच्या नवव्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरात झोळीत होती आणि मी अंगणात पाणी भरत होते. जमीन घुमली. पायाखालचं सगळं एकदम सरकल्यासारखं झालं आणि माझा पाय उचलेना. बाहेर असेल त्यानं काही घ्यायला घरात फिरून जाऊ नये, हेही मामांनी मला कितीदा वाचून दाखवलं होतं. तेच मामा माझ्या अंगावरून धावत आत गेले, झोळीवर ओणवे झाले. दोन दगड बाहेर घरंगळले. तिसरा सरकलेल्या पत्र्याच्या फटीतून आत आला, त्यांच्या पाठीवर.

लेकीला ओरखडाही नाही.

आता आम्ही नांदेडला दवाखान्यात आहोत. मामांना कमरेखाली काही कळत नाही. नवरा, कुलदीप, रिपोर्ट घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरतो. चौथ्या दिवशी तो खाली गेलेला असताना मी एकदाचं बोलले.

“मामा, ते दगड मी ठेवले होते.”

त्यांनी चष्मा पुसायला काढला.

“पाळक म्हनत व्हते तेच बराबर हाय,” ते म्हणाले. “तू म्हनतीस तेच. ते परतीक असतंय. लोखंडी खाटंवर पडल्या पडल्या ध्यानात आलं. तू काहून मनाला लावून घेऊन राहिलीस? लेकरू रडून राहिलं बघ. पाज त्याला.”

चाळीस वर्षांत चुकीच्या जागी एकही नट न बसवलेला माणूस.

मी पाठ फिरवून लेकीला पाजलं. खिडकीवर एसी टांगलाय, तो कशावर टेकलाय ते बघत राहिले. आता मी कुठंही गेले की आधी वर बघते.

काल तांड्याकडे पुन्हा आवाज झाला म्हणे. सखुबाईकडे फोन नाही. तिच्या पत्र्यावर सात दगड आहेत, त्यांतले दोन बरोबर खाटेच्या वर. आमच्या घराला कुलूप आहे. तुम्ही साखऱ्याच्या रस्त्यानं जाणार असाल, तर जरा आत वळा. तिचं शेवटचं घर, निळं दार. शिडी आमच्या निंबाला टेकवलेली आहे. ती काठी उगारेल, शिव्या देईल. देऊ द्या. तेवढं वर बघून या.