थकव्याची चढाओढ

"थकवा मोजायला आल्यात म्हणे. वजनकाटा आणलाय का गो?" मालूसिस्टर नूतनच्या कानाशी पुटपुटली. "मोजायचाच तर होळीच्या रात्री यायचं. आज काय मोजणार, डोंबल!"

वजनकाटा नव्हता. अपेक्षा नावाची एक हसतमुख मुलगी होती आणि तिच्या हातात टॅब होता. अपघात विभागात काम करणारी माणसं आतून किती विझलीत, हे ती दवाखान्यादवाखान्यांत विचारत फिरत होती. खरं तर प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचं असतं, असं ती म्हणाली. पण धड चालणारा पंखा एकाच खोलीत, प्लास्टरच्या. त्यामुळे वडखळच्या अलीकडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यातली सगळी कॅज्युअल्टी तिथेच मांडीला मांडी लावून बसली. बाहेर कुणी आलं तर हाक येणारच होती. आणि थकवा काय, चारचौघांत सांगण्यासारखाच असतो.

एरवी आमच्याकडे कसं काय विचारलं तर 'बरं हाय' याच्या पलीकडे माणूस जात नाही. पण दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या मेट्रनबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, की ज्याचा थकव्याचा आकडा सगळ्यात जास्त, त्याची बदली रोह्याला. रोह्याला ट्रस्टचा छोटा दवाखाना. बाळांना लस, म्हाताऱ्यांना बीपीच्या गोळ्या, रविवारी कुलूप. जागा एकच. झालं! धडधाकट माणसं घटकेत कण्हायला लागली.

"मला झोपच लागत नाय, मॅडम," जितेश ब्रदर म्हणाला. हा स्ट्रेचरवर घोरायला लागला की पेशंटचे नातेवाईक दचकून उठतात.

"कधीकधी, की नेहमी?"

"नेहमीच्या वर काय हाय का?"

मालूसिस्टरला रोज रडू येत होतं. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा," ती म्हणाली.

"सवय मोडू नये म्हणून," जितेश म्हणाला, आणि तिने त्याच्यावर असे डोळे वटारले की रडणाऱ्या बाईला ते जमू नयेत.

मग प्रश्नांची दिशा बदलली. पेशंटशी काही देणंघेणं उरलं नाही असं वाटतं का?

"कधीच नाय!" दोघंही एका सुरात.

"पेशंटला वस्तूसारखं वागवलं जातं?"

"छे छे. पेशंट म्हणजे देव."

शिसारी यावी इतक्या गोड आवाजात दोघं म्हणाले. थकवा मिरवता येतो, तो कष्टाचा दागिना आहे. त्याला खेटून जे बसलेलं असतं, ते मात्र जो तो पदराखाली झाकतो.

नूतनची पाळी शेवटची. ती कासू गावची. नवरा प्रदीप जोह्याला गणपतीच्या कारखान्यात. पूर्वी तो मातीने माखलेला घरी आला की तिला आवडायचं. हल्ली ती दारातूनच ओरडते, आधी धुऊन ये. तेही चाललं असतं. पण परवा किमया, तिची पाच वर्षांची लेक, गादीत ओकली आणि रडत म्हणाली, "आई, तू धर." नूतनचे हात पुढे झालेच नाहीत. ती नाकाला ओढणी लावून उंबऱ्यात उभी राहिली. प्रदीपने पोर धुतली, मग गादीही धुतली. रोह्याला गेलं, स्वच्छ बाळांना हातात घेतलं, की हे हात परत आपले होतील, एवढ्या एका आशेवर ती आज प्लास्टरच्या खोलीत बसली होती.

"गेल्या काही दिवसांत एखादा पेशंट फार वेळ तसाच राहून गेला, असं झालं का?" अपेक्षाने सगळ्यांनाच विचारलं.

"एक आजोबा होते," मालूसिस्टर म्हणाली. "पण त्या दिवशी गर्दी फार होती."

"प्रचंड," जितेश म्हणाला.

गर्दी कसली? दोन पेशंट होते, त्यातला एक पोटदुखीचा. नदीकाठच्या वाडीवरचा म्हातारा बुधा आणि त्याची बायको चिमा त्या दुपारी आले. बुधाचा पाय साखरेने सडलेला, जखमेत अळ्या वळवळत होत्या. वास असा, की पोटदुखीवाला पोट विसरून बाहेर गेला. डॉक्टर लांबूनच "ड्रेसिंग करून घ्या" म्हणून निघून गेले. मालूने नूतनकडे पाहिलं, नूतनने जितेशकडे. जितेशने पडदा ओढला आणि मोगऱ्याच्या वासाचा स्प्रे आणून पडद्यावर फसाफसा मारला. आत चिमा पदराने माशा वारत होती. तिला वाटलं औषधच मारलं. "दवा मारली. आता बरं वाटंल," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पडद्यातून डोकं काढून तिने जितेशला हात जोडले. कुणीही जवळून गेलं की ती उठून उभी राहायची, आता बोलावतील म्हणून. दिवेलागणीला बुधाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पाय गेला, असं ड्रायव्हरकडून कळलं. ते ऐकल्यावर सगळे एकदम चहाला गेले.

"नूतनताई, तुम्ही थकता?"

"थकते. भात लावून आलेली बाई पण थकते. झोपलं की जातं."

मेट्रनबाई खूश झाल्या. मालूला मात्र राहवलं नाही. स्वतःच्या रोह्यावर पाणी सोडून तिने कोपर मारलं. "नेहमी म्हण गो, येडे. पुढच्याला कधीच नाय म्हण. जा तू पोरीसाठी."

"आणि पेशंटशी देणंघेणं?" अपेक्षाने विचारलं.

नूतनने मांडीवरचे हात उलटे करून पाहिले.

"विचार करून बोल हो, नूतन," मेट्रनबाई म्हणाल्या. "जिला पेशंट नकोसे झालेत, तिच्या हातात रोह्याला बाळं कोण देईल?"

"नकाच देऊ," नूतन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला माणसांची किळस येते, मॅडम. बुधाआजोबांची आली, म्हणून मी त्यांना हात लावला नाय. ह्या दोघांनाही आली, म्हणून त्यांनीही नाय लावला. आणि आता मला माझ्या लेकीचीपण येते."