मिस्त्रींच्या उजव्या कानामागून

मी कानाचं मशीन बोलतोय. मशीन म्हटल्यावर 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण आमच्या मिस्त्रींनी पहिल्यापासून मला 'हा' म्हटलं. 'हा कुठे गेला?', 'हा आज कुरकुरतोय.' म्हणून मी 'तो' झालो आणि तसाच राहिलो. आकाराने म्हणाल तर काजूएवढा. रंग कातडीचा, पोटात बटणासारखा एक सेल आणि कानात गेलेली बारीक नळी. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका लखलखीत खोलीत झाला. केस टोपीत कोंबलेल्या बायकांनी चिमट्याने माझे अवयव जोडले. मग मला एका पेटीत ठेवून जाड, बारीक, हळू, मोठ्या अशा नाना शिट्ट्या ऐकवल्या. मी सगळ्या ऐकल्या आणि पास झालो. तेव्हापासून माझ्या ऐकण्याबद्दल मला कधी शंका आली नाही. माणसांच्या ऐकण्याबद्दल मात्र पुष्कळ वेळा आली.

मिस्त्री म्हणजे सुतार. दारं-खिडक्या करण्यात त्यांची उभी हयात गेली. लाकूड कापायच्या मशीनशेजारी उभं राहून राहून त्यांचा डावा कान पार गेला आणि उजवाही अर्ध्यावर आला. पण हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्यांची बायको बसमध्ये कंडक्टर होती. गाडीच्या मागच्या दारातून पुढच्या ड्रायव्हरपर्यंत पोचणारा आवाज तिचा. तिने 'जेवायला या' म्हटलं की शेजारचेसुद्धा हात धुवायला उठत. अशा घरात माझी गरज कुणाला वाटणार?

वाटली ती लेकीला. ती परगावी नोकरीला गेली आणि फोनवर तिच्या लक्षात आलं, की बाबा प्रत्येक प्रश्नाला 'हो, बरं आहे' म्हणतात. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी काय म्हणते ते ऐकू येतंय का?" बाबा म्हणाले, "हो, बरं आहे." पुढच्या सुट्टीत ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तिथून मी मिस्त्रींच्या घरी आलो.

आलो आणि थेट खणात गेलो. बिजागऱ्या, वाकडे खिळे, एक तुटकी पट्टी, अशा मंडळींत मी कितीतरी महिने पडून होतो. मिस्त्रींचं म्हणणं असं, की उजव्या कानामागची जागा त्यांच्या पेन्सिलीची आहे आणि ती ते कुणाला देणार नाहीत. मग एका सकाळी घरात कुणी नसताना त्यांनी गुपचूप मला चढवलं आणि कामाला निघाले. थोडं चालल्यावर गर्रकन मागे वळले. कुणी नव्हतं. परत चालले, परत वळले. तिसऱ्या वेळी त्यांना उमगलं, की मागे येतंय ते दुसरं कुणी नाही, आपल्याच चपला आहेत. भर रस्त्यात एकटेच हसले. त्या दिवसापासून पेन्सिल डाव्या कानामागे गेली.

आता मला सांगायचंय ते त्यांच्या ऑपरेशनच्या दिवसाबद्दल.

जड दारं उचलून उचलून मिस्त्रींना जांघेत गाठ आली होती. त्यांनी ती लपवली. पण दार उचलायच्या ऐवजी ते गुडघ्याने ढकलायला लागले, तेव्हा बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "दाखवा." डॉक्टर म्हणाले हर्निया आहे, छोटं ऑपरेशन, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. मिस्त्री म्हणाले, हातातलं काम संपू दे. बाई म्हणाल्या, दारं थांबतात, आतडं थांबत नाही.

खरं कारण काम नव्हतंच. आदल्या संध्याकाळी ते त्यांनी बाईंना सांगितलं. चिरण्याफाडण्याची त्यांना भीती नव्हती. भीती होती भुलीची. "झोपवतात, आणि मग हाक मारून उठवतात," ते म्हणाले. "मला हाक ऐकूच आली नाही तर मी उठणार कसा?"

दुसरी कुणी असती तर हसली असती. बाई हसल्या नाहीत. त्या 'बघते मी' एवढंच म्हणाल्या आणि पिशवी भरायला लागल्या.

सकाळी हॉस्पिटलात पडदे लावून केलेल्या एका छोट्या खोलीत मिस्त्रींना पाठीवर बंद बांधायचा हिरवा झगा दिला. पोटात पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे पारा चढलेला. सिस्टर म्हणाल्या, अंगठी काढा. ती निघेना, साबण लावून काढली. कवळी काढा. काढली. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मिस्त्रींनी उजव्या कानावर तळवा ठेवला. सिस्टरनी नियम सांगितला. मिस्त्रींनी दुसऱ्या हाताने खुंटीवरचा शर्ट ओढला आणि बायकोला म्हणाले, "चल, घरी."

बाई जागच्या हलल्या नाहीत. वाद घालणाऱ्या उतारूंबरोबर निम्मं आयुष्य काढलेली बाई ती. कुणावर आवाज चढवायचा आणि कुणाशेजारी बसायचं, हे तिला बरोबर ठाऊक. त्या पलंगावर मिस्त्रींच्या शेजारी बसल्या आणि सिस्टरना म्हणाल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन मिनिटं बोलवाल का, त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे उठणार नाहीत, आणि मीही उठवणार नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, तोंडावर मास्क. बाईंनी आधी तो खाली करायला सांगितला. "हे निम्मं ओठांवरून ऐकतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोंड झाकलंत की यांचे दोन्ही कान गेले." डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला आणि मिस्त्रींच्या समोर येऊन बसल्या. मग बाईंनी त्यांना बसची घंटी समजावली. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. लग्नानंतर नवऱ्याच्या कारखान्यात गेल्या की मशीनच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, तेव्हा बाई त्याच्या मनगटावर बोटाने तसंच करायच्या. एकदा टक म्हणजे थांबा. दोनदा टकटक म्हणजे चला, सगळं ठीक.

"उठवताना मनगटावर दोनदा टकटक करा," बाई म्हणाल्या. "हाक मारू नका, वाया जाईल."

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे मिस्त्रींच्या मनगटावर करून दाखवलं. शिवाय, मशीन ऑपरेशनच्या दारापर्यंत राहू दे म्हणाल्या. दारापाशी ढकलगाडी थांबली, तेव्हा मिस्त्रींनी मला स्वतःच्या हाताने काढलं आणि बाईंच्या तळव्यावर ठेवलं. मला जरा अभिमान वाटला. अंगठी त्यांनी सिस्टरकडे दिली होती.

आता बाहेर थांबण्याच्या खोलीतली माझी फजिती ऐका. माझं झाकण उघडलं की मी बंद होतो, हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. मुठीत धरलं की मला माझाच आवाज परत ऐकू येतो आणि मी शिट्टी मारतो. सगळी खोली वळून बघायला लागली. शेजारी एक बेकरीवाला बसला होता, बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेला. तो हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्या हातात काहीतरी रडतंय." बाईंनी मला रुमालात गुंडाळून पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि त्यालाच धीर देत बसल्या. डोळ्याचं काय, हां हां म्हणता होतं. चहा घेऊन या, तोंड सुकलंय तुमचं. लेकीचा फोन आला तर तिलाही ठणकावून सांगितलं, काळजीचं काही कारण नाही, कामाला लाग.

मग बराच वेळ गेला. बेकरीवाल्याची बायको डोळ्याला पट्टी लावून बाहेरसुद्धा आली. बाई उठल्या, जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी गेल्या, रुमाल सोडला आणि मला तोंडाजवळ धरलं, फोन धरतात तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं मी खंबीर आहे. आहेच मी. पण या खंबीरपणाचं कौतुक बघायला तुम्ही हवेत. लवकर उठा."

हे त्या इतक्या हळू बोलल्या, की मला कान टवकारावे लागले. या बाईंचा असाही आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढ्यात सिस्टर धावत जिन्यापाशी आल्या. ऑपरेशन उत्तम झालंय म्हणाल्या, पण पेशंट जागे होताना बिथरलेत, विचारलेलं काही कळत नाही, उठून बसायला बघतायत, सलाईन ओढतायत. भूल देणाऱ्या बाई दुसऱ्या ऑपरेशनला आत गेल्यात. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, पण...

"पण मी येतेय," बाई म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

आत मिस्त्रींचे खांदे एका वॉर्डबॉयने दाबून धरले होते. दुसऱ्या सिस्टर मास्कमधून मोठमोठ्याने त्यांना नाव विचारत होत्या. मिस्त्रींच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. चारी बाजूंनी झाकलेली तोंडं हलतायत, आणि आवाज नाही. टाके ताजे, आणि माणूस उठायला धडपडतोय. बाईंनी वॉर्डबॉयला हाताने बाजूला केलं आणि मला मिस्त्रींच्या कानात चढवलं.

हीच ती माझी वेळ. याच्यासाठीच मी जन्मलो होतो. मी दोनदा 'पीप' केलं आणि गेलो. सेल संपला. दिवसभर चालू राहून, शिट्ट्या मारून माझा जीव गेला होता.

मी मुका झालो, तरी कानामागे होतोच. बघितलं ते सांगतो. बाईंनी क्षणभर वाट पाहिली, माझ्यात राम नाही हे ओळखलं, आणि मिस्त्रींचं मनगट हातात घेतलं. दोनदा टकटक. थोडं थांबून परत दोनदा. मिस्त्रींचा हात सैल पडला. मग खांदे. मग त्यांनी मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. बाईंनी आत येताना चढवलेला मास्क हनुवटीखाली ओढला.

"झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झालं," बाईंचे ओठ म्हणाले.

मिस्त्री उशीवर टेकले. मग कानाकडे हात नेऊन पुटपुटले, "हा बोलत नाहीये."

"त्याचा सेल संपला," बाई म्हणाल्या. "माझा नाही."

हे त्यांनी ओठांवरून ऐकलं आणि कवळी नसलेल्या तोंडाने हसले. वॉर्डबॉयसुद्धा हसला.

नंतरचं सगळं सुरळीत झालं. लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत, म्हणून मिस्त्रींना पाण्यावर पाणी पाजलं आणि सगळा वॉर्ड त्या शुभवार्तेची वाट बघत बसला. ती आली. मग डॉक्टर आले आणि पथ्य बाईंना सांगायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. "पोट त्यांचं आहे, त्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश." डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्रींनी दोन शंका विचारल्या, आणि दोन्ही रास्त होत्या. टॅक्सीत बाई पुढे बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याच्या आधी ड्रायव्हरला सूचना देत राहिल्या. बिचाऱ्याने एवढी हळू गाडी जन्मात चालवली नसेल.

घरी मिस्त्रींना निजवून बाईंनी माझा नवा सेल शोधला. आधी उलटा घातला, मग सुलटा. मी जिवंत झालो आणि मिस्त्रींच्या कानात गेलो. बाई पलंगाच्या कडेला बसल्या, आणि त्यांनी दिवसभराचा अडकलेला श्वास सोडला. लांबच लांब, मध्ये दोनदा थरथरलेला. मी तो जसाच्या तसा आत पोचवला.

"तू घाबरली होतीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"छे."

"मला ऐकू येतं आता."

बाईंनी मान डोलावली. मग बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्या मी तुम्हाला सांगणार नाही. ऐकणं माझं काम, चहाडी करणं नाही.

आता मी थोडा म्हातारा झालोय. नळी एकदा बदलली, झाकण सैल झालंय, घामाने रंग उडालाय. मिस्त्री पुन्हा दारं करतात, पण एकट्याने उचलत नाहीत. बाई निवृत्त झाल्यापासून दाराचं दुसरं टोक त्यांच्या हातात असतं.

जाता जाता एक मागणं मागतो. कुणी तुम्हाला 'काय म्हणालात?' असं विचारलं, तर 'जाऊ दे, काही नाही' म्हणू नका. समोर या, तोंड दाखवा, पुन्हा सांगा. कितीही फालतू गोष्ट असली तरी सांगा. मी गाड्यांचे भोंगे आत पोचवतो, भांडणं पोचवतो, कुत्र्यांचं भुंकणं पोचवतो. पण 'जाऊ दे' एवढे दोन शब्द पोचवताना मला फार जड जातं.

लाकूड कापायचं मशीन आता सुरू होईल. त्याच्या आधी मला डबीत जावं लागतं. मिस्त्रींनी हात कानाकडे नेलाय. तिकडे बाई काहीतरी सांगायला लागल्यात, म्हणून तो हात थांबलाय. थांबू दे. मशीनला कसली घाई आहे?