भुऱ्याचा रोजचा पोळा

मी एक जुनी साखळी आहे. लोखंडाची, गंजलेली, टोकाची कडी झिजलेली. मित्रांनो, साखळीच्या कहाणीत ऐकण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्याजवळ एका कुत्र्याचीही कहाणी आहे, आणि त्या बिचाऱ्याला बोलता येत नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळात वरवट बकाल गावच्या एका लोहाराने मला घडवलं. शेषराव पाटलांनी मला बैलासाठी आणलं. बैल दिवसभर वखर ओढून यायचा, माझ्याजवळ अंग टाकायचा आणि सुखाने रवंथ करायचा. बांधणं म्हणजे विसावा देणं, अशी माझी समजूत झाली. शेषरावांचीही तीच होती.

त्यांच्या वावरात भुऱ्या नावाचा कुत्रा राखणीला असे. एका हंगामात रानडुकरं ज्वारीत घुसली आणि हा पठ्ठ्या एकटाच त्यांच्या अंगावर गेला. पीक वाचलं, पण भुऱ्याची मांडी फाटली. शेषरावांनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं, हळद भरून बरं केलं. पोळ्याला बैलांबरोबर त्यालाही ओवाळलं, पुरणपोळी चारली. मोकळा सोडला तर हा पुन्हा वावरात पळेल, म्हणून मला त्याच्या गळ्यात घातलं आणि ओसरीपुढच्या खुंट्याला अडकवलं.

"आता तुले काम नाही, भुऱ्या," ते गहिवरून म्हणाले. "तुहा रोजच पोळा. बस अन् खाय."

गावाने वाहवा केली. मीही फुगले, खोटं कशाला सांगू? पण कुत्रा काही रवंथ करत नाही हो! भुऱ्याने आधी वावराकडे तोंड करून रडून पाहिलं. मग तो खुंट्याभोवती फिरू लागला. फिरून फिरून जमिनीत वाटोळी चाकोरी पडली. दमला की तो पुढचा पाय चाटत बसे, इतका की केस जाऊन लाल कातडी दिसू लागली. दूधभाकरी समोर सुकून जाई. मला सगळं कळत होतं, आणि मी त्याच्याच गळ्यात होते. साखळीला स्वतःहून सुटता येत नाही.

शेषरावांच्या पत्नी सोजराबाई यांना मात्र एक युक्ती सुचली. त्यांनी भाकरीचा तुकडा कडब्याच्या पेंढीत खुपसून भुऱ्यापुढे टाकला. त्याचे कान उभे राहिले! नाक खुपसून, पंजाने उकरून त्याने तुकडा शोधला आणि शेपटी हलवली. इतक्या दिवसांनी मी त्याच्या उड्यांनी खणखणले.

तेवढ्यात शेषराव आले. "काऊन वं, त्याले भीक मांगाले लावतं काय?"

"अवो, त्याले शोधाले आवडते. पाहा तरी जराक. वावरात नेत जा त्याले."

"ज्यानं आपली ज्वारी राखली, त्याले आता राबवू? पाप लागीन." त्यांनी पेंढी उचलली आणि भाकरी ताटलीत मांडून दिली. भुऱ्याने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे त्याच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा शेषराव घाबरले. त्यांनी मला सोडलं. "जाय बाबा, वावरात जाय," ते म्हणाले. भुऱ्या उठला आणि त्याच चाकोरीतून खुंट्याभोवती फिरू लागला.

आता मी ओसरीतल्या खुंटीला टांगलेली असते. सोजराबाई रोज कडब्यात तुकडा लपवतात, आणि शेषराव स्वतः पेंढी उचलून त्यांच्या हाती देतात. तुकडा चाकोरीच्या आत असला तर भुऱ्या कधीमधी शोधतो.

मित्रांनो, तुमच्या दारी कुत्रा असेल तर त्याला नुसती भाकरी घालू नका. त्याला रानात धावू द्या, हुंगू द्या, काही शोधू द्या, राखू द्या. आणि हे वेळेवर करा. काल सोजराबाईंनी पेंढी चाकोरीच्या जरा बाहेर ठेवली होती. भुऱ्या वास काढत आला, त्याने मान लांब केली, आणि जिथे मी त्याला ओढून धरत असे, तिथेच तो थांबला.