तीन पाट्यांचं घर

छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे अनुस्वारराव म्हणत. अंगानं एवढेसे, आणि बोललेच तर थोडं नाकात. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्यांना लांबून दिसे. पण समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे. मग ते 'बघू' म्हणत. या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे बायकोला लग्नानंतर तीन महिन्यांत कळलं होतं. बाहेरच्यांना ते कळायला काही मार्ग नव्हता.

घर विकायचं ठरलं ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉस्पिटलात नर्स असताना दिवसभर उभी राहूनही ती संध्याकाळी हे जिने भराभर चढायची. आता मात्र प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबावं लागे. लेकीच्या बाळंतपणाला जाताना चपला सरकवता सरकवता तिनं बजावलं, "मी येईपर्यंत एक एजंट ठरवून ठेवा. घर विकू नका, नुसता एजंट ठरवा. एकच."

यात काय अवघड, असं अनुस्वाररावांना वाटलं. ते वाटणं दोन दिवस टिकलं.

पहिला आला तो जावयाच्या ओळखीचा, कडक इस्त्रीतला तरुण. त्याच्याकडे मापं घ्यायचं एक यंत्र होतं; त्याचा लाल ठिपका भिंतीभर फिरला. स्वयंपाकघराची भिंत पाडा, सगळं पांढरं करा, पुस्तकांची कपाटं हलवा, असं त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. मग म्हणाला, हे तीन बेडरूमचं घर आहे.

"दोन," अनुस्वारराव म्हणाले. "ती तिसरी म्हणजे माझी कामाची खोली."

"तिच्यात पलंग मावतो का, काका?"

"मावतो. पण मग दार लागत नाही."

"मग झाली की बेडरूम."

पाटी लावू का, असं त्यानं विचारलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले. दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या कठड्याला पाटी होती.

दुसरे नाक्यावरचे मामा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे घर त्यांनीच मिळवून दिलं होतं. त्यांनी काही मोजलं नाही, पाहिलंही नाही. खुर्चीत बसून चहा घेतला आणि म्हणाले, कशाला हात लावू नका. ताजा रंग दिसला की माणूस त्याच्यामागची ओल शोधत बसतो. आणि त्या लहान खोलीला सरळ अडगळीची खोली म्हणायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला ती फुकटात मिळाल्यासारखी वाटते. अनुस्वाररावांना ते जरा लागलं. त्या खोलीत त्यांचं निम्मं आयुष्य गठ्ठे बांधून ठेवलेलं होतं. पण मामांचं म्हणणंही पटत होतं. पाटीचं विचारल्यावर ते पुन्हा 'बघू' म्हणाले.

तिसऱ्या बाई. खालच्या शेजारणीनं त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी सगळे नळ सोडून पाहिले, फ्लश ओढला, बाथरूममागच्या भिंतीवर तळहात दाबून धरला. इथे ओल आहे आणि मी ती लपवणार नाही, असं म्हणाल्या. मग तिथेच बसून त्यांनी जाहिरात लिहिली आणि वाचायला दिली. समोर लिहिलेला कागद आल्यावर अनुस्वारराव जरा माणसात आले. 'पुर्वाभिमुख'चा 'पू' दीर्घ हवा, म्हणाले. आणि थोडं थांबून, घर पश्चिमेकडे तोंड करून आहे, हेही म्हणाले.

बाईंनी तो शब्दच खोडला. "पूर्वेचं घर लवकर जातं," त्या म्हणाल्या, "पण तुमचं बरोबर आहे. आता त्या दोघांना मात्र तुम्हीच नाही सांगा."

"बघू," अनुस्वारराव म्हणाले.

तर मामांची आणि बाईंचीही लागून अशा तीन पाट्या झाल्या. या इमारतीत एकूण किती घरं विकायला आहेत, असं खालच्या शेजारणीनं विचारलं. जावई फोनवर म्हणाला, तरुण माणूस धरा. त्यांची धाकटी बहीण मामांच्या शेजारीच राहायची; ती म्हणाली, मामांना सोडलंत तर मी तोंड कसं दाखवू. अनुस्वाररावांनी एका कागदावर तिघांचे रकाने आखले, बरोबर-चूकच्या खुणा केल्या. तिघांनाही सारख्याच मिळाल्या. घराचं क्षेत्रफळही तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं; घर नेमकं केवढं, हे पाहायला त्यांनी स्वतः टेप लावली, तर चौथाच आकडा आला.

एका शुक्रवारी मामांनी एका जोडप्याला आणलं. नवऱ्याला घर आवडल्यासारखं दिसत होतं. मामा खाली गेल्यावर तो मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "याच इमारतीत तीन बेडरूमचं, पांढरं शुभ्र असं एक आहे ना? मोबाइलवर फोटो पाहिले. ते जास्त चांगलं आहे का?"

ते म्हणजे हेच, आणि पांढरा रंग त्या तरुणानं फोटोतच चढवला असणार, हे अनुस्वाररावांच्या लक्षात आलं. पण खरं सांगावं तर त्या तरुणाचा विश्वासघात, न सांगावं तर मामांचा. "मला वाटतं, दोन्ही सारखीच आहेत," ते म्हणाले. तो माणूस मान हलवत जिना उतरला. ते जोडपं पुन्हा आलं नाही.

बायको परतली ती तिन्ही पाट्या रस्त्यावरूनच वाचून. वर पोहोचल्यावर पाच मिनिटं बसली, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "कोण ठरलं?"

अनुस्वाररावांनी सगळं सांगितलं. तिघंही बरोबर बोलतात आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही, असं म्हणाले. घर किती खोल्यांचं आहे, हेही आता त्यांना खात्रीनं सांगता येत नव्हतं.

"या तिघांत तुम्ही कोणाला तोंडावर चूक दाखवलीत?"

"बाईंना. दोनदा. त्या तरुणालाही एकदा, पण त्यानं ऐकलं नाही."

"आणि बाई चिडल्या?"

"नाही. खोडलं त्यांनी."

"मग त्याच."

"असा ठरवतात का एजंट?"

"ते मला माहीत नाही. पण फोन तुम्हालाच घ्यायचे आहेत. जिच्याशी तुम्ही बोलू शकता तीच बरी."

तरुणाला फोनवर सांगितलं. तो 'नो प्रॉब्लेम, काका' म्हणाला आणि फोन बंदही झाला. मामांकडे मात्र अनुस्वारराव स्वतः गेले. घसा खाकरून त्यांनी एकदाचं 'नाही' उच्चारलं. मामांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "त्या बाईचं काम चोख असतं." परतताना अनुस्वारराव आणखीच गोंधळले, एवढा चांगला माणूस आपण का सोडला, हे त्यांना कळेना.

घर विकायला पाच महिने लागले. ओलीचं ऐकून दोन गिऱ्हाइकं परत गेली. मधल्या काळात शेजारच्या इमारतीतलं एक घर त्या तरुणानं पांढरं करून तीन आठवड्यांत विकलं, तेव्हा जावयानं मुद्दाम फोन केला. शेवटी प्लंबिंगचं काम करणाऱ्या एका माणसानं बाथरूममागच्या भिंतीवर हात फिरवला, 'हे मी एका दिवसात करतो' म्हणाला आणि त्यानंच घर घेतलं.

तळमजल्यावरच्या नव्या घरात सामान लावताना अनुस्वाररावांनी बायकोला विचारलं, आपण निवडलं ते बरोबर होतं का?

स्टुलावर न चढता हात पोहोचेल एवढ्या खाली तिनं पडद्याची दांडी धरली होती. "कोण जाणे," ती म्हणाली. "तिकडचं टोक जरा वर घ्या. वर. आता सरळ आहे का, बघा."

त्यांनी पाहिलं. त्यांच्या बाजूनं सरळ वाटत होती.