घाईची शिवण

मित्रांनो, गादी म्हटलं की तुम्हाला झोप आठवत असेल. माझ्यावर आजवर एकदाही कुणी झोपलेलं नाही. मी शाळेच्या मैदानावरची, उंच उडीची जुनी गादी आहे. मुलं धावत येतात, दांडीवरून उडी घेतात आणि माझ्या अंगावर धपकन पडतात. उठताना सगळ्यांचं लक्ष दांडीकडे. राहिली की पडली? माझ्याकडे वळून बघायला कुणाला वेळ आहे! असो. रडगाणं गायला मी बोलत नाहीये. अधूनमधून कुरकूर करीन, तेवढी ऐकून घ्या.

एका कारखान्यात फोमचे तीन जाडजूड ठोकळे शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्यावर निळ्या रेक्झिनची खोळ चढवली आणि ती कडेने शिवून टाकली. झाले मी तयार. ही खोळ म्हणजे माझा जीव. ती घट्ट असेल तर तिन्ही ठोकळे जागच्या जागी राहतात. शिवण उसवली की ते सरकतात आणि मध्ये फट पडते. वरून पडणाऱ्याचा पाय त्या फटीत गेला, तर तो धड बाहेर यायचा नाही.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! मुख्याध्यापकांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. रोज संध्याकाळी माझ्यावर ताडपत्री घालत. पुढे ती ताडपत्री कुणीतरी स्कूटर झाकायला नेली, ती काही परत आली नाही. मुलं माझ्यावर बसून डबे खाऊ लागली. एका कोपऱ्यात मांजरीने पिल्लं घातली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पिल्लं गोड होती. पण उन्हाने माझं रेक्झिन तडकलं आणि पावसाने दोरा कुजला. कुणी विचारलं नाही.

अशात नाकतोडी आली. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण त्या लांबलचक टांगा बघून सगळी मुलं तिला नाकतोडीच म्हणायची. खेळाच्या बाईंनी तिला हेरलं आणि माझ्यासमोर आणून उभं केलं. तेव्हापासून रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी, ती माझ्यावर पडत आली. सर्दी झाली तरी आणि सुट्टी असली तरी. ‘मोठी झाले की हेच करणार, आधी खेळणार आणि मग शिकवणार,’ असं ती बाईंना सांगायची. बाई हसायच्या नाहीत. ‘मग आजचा सराव पुरा कर,’ म्हणायच्या.

माझ्या कडेवर बसून बूट बांधताना ती घरचं सगळं बोलायची, त्यामुळे मला तिच्या घरातलं खडान्‌खडा ठाऊक. तिचे वडील गाड्यांच्या सीटा शिवायचे. मोठा भाऊ हिशेबाची कसलीशी परीक्षा देत होता. तो दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा बसणार होता. त्याच्यासाठी घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद. नाकतोडीला मात्र वडिलांनी बजावलं होतं, की क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी एकदा दे. त्या वसतिगृहात राहायचं, शिकायचं आणि चांगल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार व्हायचं. निवड झाली तर जा. नाही झाली तर बूट माळ्यावर टाकायचे आणि उड्यांचं नाव काढायचं नाही.

ती चाचणी आमच्याच मैदानावर झाली. गावोगावची मुलं आली होती. एक उंची ठरलेली, ती पार करायला प्रत्येकाला तीन उड्या. नाकतोडीचा नंबर सगळ्यांत शेवटी होता. तिचे वडील कामावरून तसेच आले होते. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि चेहऱ्यावर ‘आटपा लवकर’.

पहिल्या उडीला तिची टाच लागली आणि दांडी पडली. दुसरी उडी घेताना ती जरा बाजूला गेली, पाठ घासून दांडी पडली आणि नाकतोडी नेमकी माझ्या कडेवर आदळली. कुजलेला दोरा तो, किती तग धरणार? टर्रकन शिवण उसवली आणि माझे ठोकळे सरकले. ती कशीबशी बाजूला लोळली म्हणून वाचली.

पंचांनी मला हात लावून पाहिलं. “दुसरी गादी आहे?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग हिच्यावर उडी मारू देता येणार नाही. झाल्या तेवढ्या दोन उड्यांवर निकाल लावावा लागेल.”

दोन उड्यांवर निकाल म्हणजे नापास. बाईंनी कुंपणाकडे पाहिलं आणि तिथे उभ्या असलेल्या वडिलांना हाक मारली. “अहो, तुम्ही शिवता ना?”

ते आले, खाली बसले. त्यांनी माझ्या उसवलेल्या कडेत हात घालून चाचपलं. मित्रांनो, त्यांनी नुसतं ‘जमणार नाही’ म्हटलं असतं तरी सगळं संपत होतं. कुणी त्यांना बोल लावला नसता. मी जीव मुठीत धरून पडून राहिले.

“हे मशीनचं काम आहे,” ते म्हणाले. “हाताने नाही व्हायचं.”

नाकतोडी त्यांच्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“बाबा, दादा नापास झाला तेव्हा त्याची पुस्तकं कुणी माळ्यावर नाही टाकली. त्याला पुन्हा बसू दिलंत, परत पुन्हा बसू देताय. मला ही एक उडी तरी मारू द्या.”

“परीक्षेचं वेगळं असतं.”

“काय वेगळं असतं?”

त्यांनी माझी उसवलेली कड पुन्हा एकदा चाचपली. मग त्यांनी पिशवीतून वाकडी सुई काढली, मेण लावलेला दोरा ओवला आणि मुलीला म्हणाले, “ठोकळे दाबून धर.”

तिने दाबले, बाईंनी दाबले, शेवटी पंचसुद्धा अस्तन्या सावरून दाबायला बसले. सुई आरपार जायची तेव्हा मला कळा यायच्या, पण मी हूं की चूं केलं नाही. ऊन उतरत चाललं होतं. मध्येच दोरा तुटला. त्यांनी आधीचे टाके उसवले आणि पुन्हा पहिल्यापासून घातले. त्यांच्या बोटातून रक्त आलं, ते त्यांनी विजारीला पुसलं.

“अजून किती वेळ?” पंचांनी विचारलं.

“साहेब, माझी मुलगी पडणार आहे हिच्यावर,” ते म्हणाले. “होईल तेव्हा होईल.”

शेवटची गाठ मारल्यावर त्यांनी चपला काढल्या, दांडीखाली येऊन माझ्याकडे पाठ केली आणि स्वतःला धाडकन माझ्यावर टाकून दिलं. पोरं फिदीफिदी हसली. शिवण टिकली, पण ते लगेच उठले नाहीत. उताणे पडून वरच्या दांडीकडे बघत राहिले.

“ही इतकी वर असते?”

“हो, बाबा.”

“आणि तू पाठमोरी जातेस.”

“हो.”

ते उठले, चपला हातात घेतल्या आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

नाकतोडी धावत आली. तिच्या पावलांचे ठोके मातीतून माझ्यापर्यंत येत होते. शेवटचं पाऊल जोरात पडलं आणि मग काही नाही. ती दांडीच्या वर होती. खांदे गेले, कंबर गेली. पोटरी जराशी टेकली. दांडी थरथरली, थरथरत राहिली आणि माझ्यावर, तिच्या शेजारी येऊन पडली.

पंचांनी लाल झेंडा वर केला. ती पालथी झाली आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. मला हात असते तर मी तिला जवळ घेतलं असतं.

वडील आले. त्यांच्या हातात तिच्या बुटांची पिशवी होती. आता हे बूट माळ्यावर जाणार, असंच मला वाटलं. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि आपल्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

“पुढची चाचणी कधी असते?” त्यांनी बाईंना विचारलं.

“पुढच्या वर्षी.”

“मग ही शिवण चालायची नाही. घाईची आहे. रोजच्या उड्यांना महिनाभरसुद्धा टिकणार नाही. रविवारी टेम्पो आणतो. खोळ दुकानात नेऊन मशीनवर दुहेरी शिवण घालतो.” मग ते मुलीला म्हणाले, “ऊठ. घाम अंगावर वाळू देऊ नकोस.”

तो रविवार कधीच होऊन गेला आणि तेव्हापासून माझ्या अंगावर दुहेरी शिवण आहे. आता पुढची चाचणी तोंडावर आली आहे. तिची निवड होईल का? मी गादी आहे, ज्योतिषी नाही. मित्रांनो, तुमच्यातल्या ज्यांना मनापासून खेळायचंय, त्यांनी ते घरात स्पष्ट सांगा आणि काम समजून रोज करा. आणि कृपा करून माझ्यासारख्यांवर ताडपत्री घालत जा. उद्या सकाळी नाकतोडी येईल. एकदा पडेल, दहादा पडेल. तिला झेलायची माझी तयारी आहे. तुमच्या घरच्यांची आहे का, तेवढं आज त्यांना विचारून घ्या.